कार्य आणि ऊर्जा : हाताने शिकण्याचा पाठ

उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक दोनमध्ये फर्निचरचा मोठा बाजार आहे. सकाळी दुकाने उघडली की टेम्पो येऊन लागतात आणि लोखंडी कपाटे, पलंग, मेजे, खुर्च्या यांची चढउतार सुरू होते. जड कपाट चढवावयाचे असेल तर हमाल ते सरळ उचलीत नाहीत. टेम्पोच्या फाळक्याला एक लांब फळी टेकवितात आणि तिच्यावरून कपाट वर सरकवितात. फळी आखूड असेल तर दुसरी, लांब फळी शोधून आणतात. हे का करावयाचे ते त्यांना कोणी शिकविलेले नसते. पाठीने आणि हातांनी ते त्यांना कधीच सांगितलेले असते.

याच रस्त्याने नववी-दहावीतील मुले शाळेत जातात. त्यांपैकी अनेकांचे घर याच बाजारावर चालते. शाळेत विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिले जाते : कार्य = बल × विस्थापन. मुले ते उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहितात. परंतु रस्त्यावरील फळी आणि वर्गातील फळा या दोहोंत एकच गोष्ट सांगितली जात आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते? हा संबंध जोडून देता आला तर विज्ञानाचा एक अवघड समजला जाणारा पाठ सोपा होतो. तो कसा जोडता येईल, त्यासाठी काय साहित्य लागते आणि शिक्षकांनी कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका कॅम्पाचे नगर

उल्हासनगरची जडणघडण येथे थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या छावणीत, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. बराकींचे पाच भाग 'कॅम्प' म्हणून ओळखले जात. ती नावे आजही टिकून आहेत. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी हातांच्या बळावर उद्योग उभे केले. शेजारच्या अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना आणि आयुधनिर्माणी यांमुळे औद्योगिक नगरीचे रूप आले, तर बदलापूर नदीकाठी वाढत गेले. अशा या पट्ट्यात यंत्रे, वजने, हातगाड्या, पंप आणि शिवणयंत्रे मुलांच्या डोळ्यांसमोर अहोरात्र असतात. 'आमच्या शाळेत प्रयोगशाळा अपुरी आहे' ही तक्रार पुष्कळदा खरी असते. परंतु कार्य आणि ऊर्जा या पाठापुरते बोलावयाचे तर शाळेच्या फाटकाबाहेर जी प्रयोगशाळा पसरलेली आहे, तिच्यासारखी सुसज्ज प्रयोगशाळा मिळणे कठीण.

एका शब्दाने केलेली इजा

पाठ शिकविण्यापूर्वी एका अडचणीचा विचार करावा लागतो. ती भाषेची अडचण आहे. मराठीत 'काम', हिंदीत 'काम', सिंधीत 'कमु'. कॅम्प दोनमधील मूल कोणत्याही घरातून आलेले असो, हा शब्द त्याने पाळण्यात ऐकलेला असतो. काम म्हणजे श्रम, काम म्हणजे रोजी. भौतिकशास्त्रातील 'कार्य' हा शब्द त्याच घराण्यातील असला तरी त्याचा अर्थ अगदी निराळा आणि फार काटेकोर आहे. बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य झाले असे विज्ञान मानते.

प्रस्तुत लेखकाच्या शालेय वयातील एक आठवण येथे सांगण्यासारखी आहे. गुरुजींनी वर्गात सांगितले, 'डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल शून्य कार्य करतो.' वर्ग हसला. ज्या मुलाचे वडील मालधक्क्यावर हमाली करीत तो मुलगा हसला नाही, आणि नंतर त्या तासाला त्याने कधी हात वर केल्याचेही आठवत नाही. गुरुजींचे वाक्य पाठ्यपुस्तकाप्रमाणे बिनचूक होते. मात्र त्यापुढे जी दोन वाक्ये सांगावयास हवी होती, ती सांगितली गेली नाहीत. लेखक पुढे कला शाखेकडे वळला. सूत्र विस्मरणात गेले. तो तास मात्र गेला नाही.

ती दोन वाक्ये अशी : हमाल ओझ्यावर जे बल लावतो ते वरच्या दिशेने असते, आणि ओझे सरकते ते आडव्या दिशेने, म्हणून त्या बलाने ओझ्यावर केलेले कार्य शून्य येते, म्हणजेच ओझ्याच्या ऊर्जेत भर पडत नाही. परंतु ओझे पेलून धरण्यासाठी हमालाचे स्नायू क्षणोक्षणी आकुंचन पावत असतात, त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होत असते आणि तिची उष्णता होऊन ती घामावाटे बाहेर पडत असते. शून्य आहे ते ओझ्याच्या खात्यात. हमालाच्या खात्यात खर्च पडलेलाच आहे. समाजाने या खर्चाची दखल घेतलेली आहे. 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' हा आपल्या राज्याचा कायदा माथ्यावर भार वाहणाऱ्यांच्या श्रमाला संरक्षण देणारा कायदा आहे. विज्ञानाची व्याख्या आणि हा कायदा यांत विरोध नाही. एक ओझ्याचा हिशेब मांडतो, दुसरा माणसाचा.

हे शब्दांनी सांगण्यापेक्षा करून दाखवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने एक लिटर पाण्याने भरलेली बाटली हात सरळ समोर ताठ करून दोन मिनिटे धरावी. मिनिटाभरात दंड भरून येतो, हात थरथरू लागतो. बाटली मात्र जागची हललेली नाही. 'बाटलीवर कार्य किती झाले?' शून्य. 'तुम्हाला श्रम झाले की नाही?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्ग मोठ्याने देतो. इतके झाले की काम आणि कार्य यांतील भेद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही, आणि कोणाच्या वडिलांचा अवमानही होत नाही.

एक ज्यूल म्हणजे केवढे?

कार्याचे आणि ऊर्जेचे एकक ज्यूल. हे नाव मुलांना माहीत असते, पण त्याचा आकार डोळ्यांसमोर नसतो. किलोमीटर म्हटले की शाळा ते स्टेशन असे काहीतरी मनात येते. ज्यूल म्हटले की काहीच येत नाही. तो आकार हाताला कळावा यासाठी सुमारे १०० ग्रॅम वजनाची वस्तू, उदाहरणार्थ एखादे लहान फळ, जमिनीवरून एक मीटर वर उचलावयास सांगावे. झालेले कार्य जवळजवळ एक ज्यूल असते. एक लिटर पाण्याची बाटली एक मीटर उचलली तर ९.८ ज्यूल. हा आकडा येतो तो असा : एक किलोग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी ९.८ न्यूटन बलाने ओढते. तेवढेच बल वर लावून एक मीटर उचलले की गुणाकार ९.८.

या प्रयोगाला लागते ती एक बाटली, एक मीटरची पट्टी आणि पाच मिनिटे. पण यानंतर मूल कोणतेही उत्तर काढील तेव्हा त्याला ते पडताळून पाहता येते. बादली विहिरीतून काढण्याच्या उदाहरणात उत्तर अर्धा ज्यूल आले, तर आपले काहीतरी चुकले आहे, हे त्याचे त्यालाच कळते.

फळीचा हिशेब

आता बाजारातील फळीकडे वळू. समजा, कपाट ६० किलोग्रॅमचे आहे आणि टेम्पोचा तळ जमिनीपासून एक मीटर उंच आहे. सरळ उचलावयाचे तर ५८८ न्यूटन बल लागेल आणि ५८८ ज्यूल कार्य होईल. तीन मीटर लांबीची फळी लावली आणि घर्षण मुळीच नाही असे मानले, तर बल एकतृतीयांश, म्हणजे १९६ न्यूटन पुरते. पण अंतर तिप्पट होते. कार्य तेवढेच राहते. फळीने कार्य वाचविले नाही. तिने फक्त बल कमी केले आणि त्याची किंमत अंतरात वसूल केली.

वर्गात कपाट आणता येत नाही, वीट आणता येते. विटेला सुतळी बांधून ती ताणकाट्याला अडकवावी. वीट तीन किलोची धरू. पुस्तकांची ३० सेंटिमीटर उंच चळत रचून तिला ९० सेंटिमीटर लांबीची फळी टेकवावी. सरळ उचलल्यास कार्य सुमारे ८.८ ज्यूल. फळीवरून ओढताना घर्षण नसते तर ताणकाट्याने एक किलो दाखविला असता. प्रत्यक्षात तो बराच अधिक दाखवितो. समजा, दोन किलो दाखविले. तर ओढणाऱ्याने केलेले कार्य १७.६ ज्यूल झाले, म्हणजे सरळ उचलण्याच्या दुप्पट. उरलेले ८.८ ज्यूल गेले कोठे? हा प्रश्न मुलांनीच विचारावा यासाठी शिक्षकांनी थोडे थांबावे. मग विटेखाली गोल पेन्सिली ठेवून ती पुन्हा ओढावी. ताणकाटा लगेच उतरतो. फळीवर घासून विटेचा तळ आणि फळी किंचित तापली होती, ते वाचले. हातगाडीला चाके का असतात याचे उत्तर येथे आकड्यांत मिळते.

या प्रयोगात दोन पथ्ये पाळावीत. वीट एकसारख्या गतीने, सावकाश ओढावी आणि ती सरकत असतानाच काटा वाचावा; झटका दिल्यास आकडा फसवा येतो. तसेच प्रत्येक गटाने तीनदा मोजून सरासरी काढावी. तीन गटांची तीन उत्तरे आली तर घाबरण्याचे कारण नाही. उत्तरे का वेगळी आली याची चर्चा हाच प्रयोगाचा अर्धा भाग होय.

जिना आणि अश्वशक्ती

'शक्ती' हा दुसरा घोटाळ्याचा शब्द. व्यवहारात बल, जोर, ताकद, शक्ती, ऊर्जा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. विज्ञानात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. मुलांना सांगताना घरगुती शब्दांचा आधार घ्यावा : जोर म्हणजे बल, दम म्हणजे ऊर्जा आणि झपाटा म्हणजे शक्ती. व्याख्या म्हणून हे चालणार नाही, पण व्याख्येपर्यंत जाण्याची पायरी म्हणून चालते.

शाळेचा जिना या पाठासाठी उत्तम. एका पायरीची उंची मोजून पायऱ्यांच्या संख्येने गुणावी. समजा, मजला तीन मीटर आहे आणि विद्यार्थ्याचे वस्तुमान ४५ किलोग्रॅम आहे. वर जाण्याचे कार्य ४५ × ९.८ × ३, म्हणजे १३२३ ज्यूल. तो नऊ सेकंदांत चढला तर शक्ती १४७ वॅट, सहा सेकंदांत चढला तर सुमारे २२० वॅट. कार्य दोन्ही वेळा तेच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे येथे सांगितले की वर्गात आपोआप स्पर्धा सुरू होते, आणि ती शिक्षकांनी आवरावी. जिन्यावर धावण्याची शर्यत लावू नये. एका वेळी एकच विद्यार्थी चढवावा. आजारी किंवा दमा असलेल्या मुलांना आणि ज्यांना चढणे शक्य नाही त्यांना घड्याळ व नोंदवही द्यावी. मोजणाऱ्यांवाचून हा प्रयोग होत नाही, म्हणून हे काम दुय्यम नव्हे.

याच आकड्यावरून विजेच्या बिलाकडे जाता येते. बिलावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. आपला ४५ किलोचा विद्यार्थी तो जिना सुमारे २७०० वेळा चढेल तेव्हा एका युनिटाइतके कार्य होईल. रिकाम्या खोलीत फिरत राहिलेला पंखा बंद करावा, हा उपदेश मुलांनी हजार वेळा ऐकलेला असतो. हे गणित एकदा स्वतः मांडले की उपदेशाची गरज उरत नाही.

गोटी, काडेपेटी आणि रस्ता

गतीमुळे वस्तूत असणाऱ्या ऊर्जेला गतिज ऊर्जा म्हणतात. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे सूत्र जीव वाचविणारे आहे, परंतु पुस्तकात ते कोरडे वाटते. त्यासाठी पुढील कृती करावी. लांबीत उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप घसरगुंडीसारखा तिरका ठेवावा. खाली सपाट जागेवर काडेपेटीचा रिकामा खण, त्याची एक बाजू कापून, पाइपच्या तोंडाशी ठेवावा. गोटी पाच सेंटिमीटर उंचीवरून सोडावी. ती खणात शिरून त्याला ढकलत नेते. खण किती सरकला ते मोजावे. मग दहा आणि वीस सेंटिमीटर उंचीवरून तेच करावे. उंची दुप्पट केली की सरकण्याचे अंतर साधारण दुप्पट होते, चौपट केली की चौपट.

आता मर्म असे की उंची चौपट केल्याने गोटीचा वेग चौपट होत नाही, दुप्पटच होतो. म्हणजे दुप्पट वेगाची गोटी थांबावयास चौपट अंतर घेते. अठराव्या शतकात ग्रावेसांड या डच शास्त्रज्ञाने पितळेचे गोळे मऊ मातीत टाकून, त्यांनी पाडलेले खड्डे तपासून, हेच दाखविले होते. आपल्या मुलांसाठी याचा अर्थ कल्याण-बदलापूर रस्त्यावर आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलला ब्रेक लावल्यावर जेवढे अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाला लागते. रस्ता ओला असेल तर त्याहूनही अधिक. वाहन चालविण्याचा परवाना मिळण्याच्या वयाला पोचण्यापूर्वी प्रत्येक मुलाने हे स्वतःच्या हाताने मोजलेले असावे.

ऊर्जा जाते कोठे?

दाराच्या चौकटीला दोरी बांधून तिच्या टोकाला एक वजन लावावे. ते एका बाजूला ओढून सोडले की दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच उंचीवर जाते. झोक्याच्या मध्यभागी दोरीच्या आड एक पेन्सिल धरली तरी वजन पूर्वीच्याच पातळीपर्यंत चढते, फक्त वाट आखूड होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाचे वर्णन केले आहे. उंचावर असताना स्थितिज ऊर्जा, तळाशी गतिज ऊर्जा, पुन्हा उंचावर स्थितिज. असा तिचा फेरा चालतो. काही वेळाने झोका मंदावतो. तेव्हा चौकस मूल विचारतेच, 'ऊर्जा नष्ट होत नाही म्हणता, मग ही कोठे गेली?'

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील जेम्स ज्यूल याने १८४० च्या दशकात अनेक वर्षे खपून शोधले. मद्यनिर्मितीचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील या गृहस्थाने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरविली आणि पाणी किती तापते ते अचूक मोजले. यांत्रिक कार्य आणि उष्णता या एकाच ऊर्जेच्या दोन अवस्था आहेत, हे त्याने आकड्यांनी सिद्ध केले. त्याच्या प्रयोगाचा सोपा अवतार आपल्याला करता येतो. एक मीटर लांबीच्या पाइपमध्ये सायकलचे लोखंडी छर्रे घालून दोन्ही तोंडे बुचांनी बंद करावी. पाइप उलटसुलट शंभर वेळा करावा, दर वेळी छर्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पडू द्यावेत. आरंभी आणि शेवटी छर्ऱ्यांचे तापमान तापमापीने मोजावे. गणिताने वाढ सुमारे दोन अंश यावयास हवी. प्रत्यक्षात ती थोडी कमी येते, कारण काही उष्णता पाइप आणि बुचे घेतात. उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळले नाही म्हणून आकडा बदलू नये. तो का कमी आला हे लिहावयास सांगावे. खोटा पण जुळणारा आकडा लिहिण्याची सवय शाळेतच लागते आणि पुढे ती कचेरीपर्यंत पोचते.

नळाच्या पाण्याची कथा

या पट्ट्यातील मुलांना सांगण्यासारखे सर्वांत मोठे उदाहरण त्यांच्या नळात आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून अडविलेले पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांवाटे कर्जतजवळच्या भिवपुरी येथे उतरविले जाते. हे पाणी निसर्गतः पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारे. १९२२ मध्ये टाटांचे भिवपुरी वीजगृह सुरू झाले तेव्हापासून ते सुमारे ५०० मीटर खाली येऊन जनित्रे फिरविते आणि मग उल्हास नदीला मिळते. पुढे नदीतून पाणी उपसून या परिसरातील शहरांना पुरविले जाते.

एक लिटर पाणी ५०० मीटर खाली येते तेव्हा त्याच्या स्थितिज ऊर्जेत ४९०० ज्यूल घट होते. तिचा बराचसा भाग वीज होऊन तारांतून जातो. वीजगृह नसते आणि ही सारी ऊर्जा खडकांवर आपटून उष्णता झाली असती, तर पाणी एका अंशाहून थोडेसे अधिक तापले असते, एवढेच. त्याच पाण्याला पुढे टाकीत चढविण्यासाठी आपण पुन्हा वीज खर्च करतो. धरण, वीजगृह, नदी, पंप, टाकी आणि नळ यांचे एक चित्र मुलांनी काढावे आणि प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा कोणत्या रूपात आहे ते लिहावे. भूगोल आणि विज्ञान या दोन्ही तासांचे काम त्यात होते.

ग्रामपंचायत सदस्यांनाही हे गणित उपयोगी आहे. समजा, गावच्या टाकीत रोज ५० हजार लिटर पाणी चढते आणि विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून टाकीपर्यंतची उंची २० मीटर आहे. कार्य ९८ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे पावणेतीन युनिट. पंप आणि नळ यांत निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले तरी रोज साडेपाच युनिट, महिन्याला सुमारे १६५ युनिट पुरावेत. बिल याच्या दुपटीने येत असेल, तर पंप झिजला आहे, नळ फुटला आहे किंवा पाण्याची पातळी खोल गेली आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. गावच्या शाळेतील नववीच्या वर्गाला ही तपासणी प्रकल्प म्हणून द्यावी. पंचायतीला माहिती मिळेल आणि मुलांना आपल्या गणिताला किंमत आहे असे कळेल.

महाराष्ट्रातील पूर्वसुरी

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक श्रमाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. तीच पुढे 'नई तालीम' झाली. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगाधारित विज्ञान शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला व तो वाढत जाऊन २००२ पर्यंत चालला. मुंबईत १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले, आणि पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हीच पुष्कळदा विज्ञानाच्या आड येते, याकडेही लक्ष वेधले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून, गावाला उपयोगी पडणारी कामे करता करता मुलांनी विज्ञान शिकावे, हा मार्ग दाखविला.

बालभारतीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा दुसराच पाठ होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला. आदेशांची उणीव नाही. उणीव असते ती एका तासाच्या तयारीची आणि थोड्या धीराची.

काय करता येईल?

मुख्याध्यापकांनी या पाठासाठी लागोपाठ दोन तास द्यावेत. एका तासात साहित्य मांडण्यातच वेळ जातो. शिक्षकांनी आधी सर्व प्रयोग स्वतः करून पाहावेत आणि वर्गाचे पाच-सहा जणांचे गट पाडून, प्रत्येक गटात मोजणारा, लिहिणारा व करणारा यांच्या जागा आलटून पालटून द्याव्यात. मुलींच्या हाती केवळ वही आणि मुलांच्या हाती ताणकाटा, असे होऊ देऊ नये. वर्गात निरनिराळ्या मातृभाषांची मुले असतील तर निष्कर्ष प्रथम त्यांना आपल्या शब्दांत सांगू द्यावा आणि पारिभाषिक शब्द मागाहून द्यावेत. विस्तार अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी वहीतील व्याख्या तपासण्याबरोबरच मोजमापांचे तक्तेही पाहावेत. त्यांत खाडाखोड असेल तर ती चांगली खूण समजावी. पंचायत सदस्यांनी पाण्याची टाकी, पंप आणि बिल मुलांसाठी खुले करावे.

साहित्याची यादी लहान आहे : ताणकाटा, मीटरपट्टी, सेकंदकाटा असलेले घड्याळ, तापमापी, विटा, फळी, सुतळी, गोट्या, काडेपेटी, दोन पाइप, सायकलचे छर्रे आणि पाण्याच्या बाटल्या. यांपैकी बऱ्याचशा वस्तू घरातून आणि बाजारातून येतील. फळी तर कॅम्प दोनमधील कोणताही दुकानदार तासाभरासाठी देईल. ती परत करावयास जाताना विद्यार्थ्यांनी मीटरपट्टी बरोबर न्यावी, टेम्पोच्या तळाची उंची आणि फळीची लांबी मोजावी, कपाटाचे वजन हमालालाच विचारावे आणि तेथेच उभे राहून हिशेब मांडावा. मग तो त्याला वाचून दाखवावा आणि तो काय म्हणतो तेही वहीत लिहून घ्यावे.